प्रोसेसरचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये खरं दिसावं म्हणून: ऑफसेट नको, गुणक काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेल कोअर आय-७ ४७९० असलेला डेस्कटॉप. काहीच काम चालू नसताना कोअर टेम्प हे सॉफ्टवेअर चार कोअरचे (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या चार भागांचे) ३९, ३६, ४१ आणि ३३ अंश दाखवतं. मदरबोर्डबरोबर आलेलं सॉफ्टवेअर ‘सीपीयू’ म्हणून २८ दाखवतं. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, गेलं की ४८ दिसतात. खोलीतला थर्मामीटर २९ वर आहे. यातलं खरं कुठलं, आणि सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट (आकड्यात मिळवायचे किंवा वजा करायचे ठरावीक अंश) किती टाकायचा?

उत्तर आधी सांगतो, कारण नंतर. सगळ्या कोअरमधून सरसकट पाच-सात अंश वजा करणारा ऑफसेट टाकू नका. त्यानं आयडलचा, म्हणजे काहीच काम नसतानाचा, आकडा छान दिसतो, पण जिथे आकडा बरोबर असायलाच हवा त्या वरच्या टोकाला तो खोटा होतो. प्रत्येक कोअरसाठी वेगळा गुणक काढायचा, आणि तो असा लावायचा की शंभर अंशांना शंभरच दिसतील. त्यासाठी एक भरवशाचा थर्मामीटर, दोनेक तास आणि शाळेतलं त्रैराशिक एवढं पुरतं.

सेन्सर मुळात काय सांगतो

इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर ‘इतके अंश सेल्सिअस’ असं सांगतच नाही. प्रोसेसर ज्या तापमानाला स्वतःचा वेग आवरायला लागतो, त्या मर्यादेच्या आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. त्या मर्यादेला टीजे-मॅक्स म्हणतात. ४७९० साठी ती १०० अंश आहे. प्रत्येक कोअरच्या थर्मल स्टेटस रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली नोंदीची छोटी जागा) सात बिटांत हे अंतर लिहिलेलं असतं. तिथे ५९ आलं की सॉफ्टवेअर १०० मधून ५९ वजा करतं आणि पडद्यावर ४१ लिहितं.

म्हणजे पडद्यावरचा आकडा ही एक वजाबाकी आहे. तिच्यातल्या दोन्ही संख्या चुकू शकतात, आणि दोन्ही चुकांचं वागणं वेगळं असतं. सॉफ्टवेअरनं टीजे-मॅक्स चुकीचा धरला असेल तर आयडल असो की पूर्ण लोड, सगळे कोअर सारख्याच अंशांनी वर किंवा खाली सरकतात. सेन्सरच्या उतारात चूक असेल, म्हणजे खरं तापमान दहानं घटलं तरी सेन्सर नऊच मोजत असेल, तर मर्यादेजवळ चूक जवळजवळ नसते आणि जसजसं खाली यावं तसतशी ती वाढत जाते. हा सेन्सर प्रोसेसरच्या रक्षणासाठी बसवलेला आहे, म्हणून कारखान्यात तो वरच्या टोकाला जुळवला जातो. ३३ आणि ४१ मधला फरक त्याला फारसा महत्त्वाचा नसतो. तुमच्या चार कोअरमध्ये आयडलला आठ अंशांचा फरक दिसतोय तो त्यामुळेच. सिलिकॉनचा तो तुकडा नखाएवढा असतो आणि उष्णता चांगली वाहून नेतो. सहा-सात वॉट खर्च होत असताना शेजारशेजारच्या कोअरमध्ये खरोखर आठ अंशांचा फरक राहूच शकत नाही.

आधी टीजे-मॅक्स तपासा

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पहिल्या कोअर आय-७ पासून पुढच्या इंटेल प्रोसेसरमध्ये टीजे-मॅक्स एका रजिस्टरमधून थेट वाचता येतो. त्यामुळे ४७९० ला अंदाज लावायची गरज नाही. कोअर टेम्पच्या खिडकीत टीजे-मॅक्सचा आकडा लिहिलेला असतो, तो १०० आहे याची खात्री करून घ्या. आधी कोणी सेटिंगमध्ये ऑफसेट टाकून ठेवले असतील तर सगळे शून्यावर आणा. जुन्या ऑफसेटवर नवं कॅलिब्रेशन चढवलं की काय चुकलंय ते कळायला मार्गच उरत नाही.

कोअर २ ड्युओ किंवा कोअर २ क्वाड अजून वापरात असेल तर गोष्ट वेगळी. त्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हा आकडा वाचायची सोय नव्हती. एक सॉफ्टवेअर ८५ धरायचं, दुसरं १००, आणि एकाच प्रोसेसरचे दोन आकडे पंधरा अंशांनी वेगळे दिसायचे. ऑगस्ट २००८ मधल्या इंटेल डेव्हलपर फोरममध्ये कंपनीनं या प्रोसेसरांसाठी आकडे जाहीर केले, पण तेही ‘लक्ष्य’ म्हणून. म्हणजे प्रत्येक नग नेमका तिथेच जुळवलेला असेल असं नाही. लिनक्समधल्या कोअरटेम्प ड्रायव्हरच्या माहितीपत्रात मॉडेलनुसार यादी आहे, जुन्या प्रोसेसरसाठी तीच वापरावी.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ४७९० च्या माहितीपत्रकात ७२.७२ अंश असा आकडा दिसतो आणि लोक तो कमाल मर्यादा समजून घाबरतात. तो टी-केस आहे, म्हणजे प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर मधोमध, बाहेरून मोजायचं तापमान. आतला कोअर त्याहून बराच गरम असतो. कोअरच्या आकड्याची तुलना टी-केसशी करू नका, आणि टी-केस गाठायचं म्हणून ऑफसेट तर मुळीच टाकू नका.

मदरबोर्डचा २८ आणि बायॉसचा ४८

मदरबोर्डवर नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची एक सुपर आय/ओ चिप असते, ती तापमानं आणि पंखे पाहते. तिला तापमानाची तीन किंवा जास्त इनपुटं असतात. त्यातलं एखादं सॉकेटजवळच्या थर्मिस्टरला (तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या सेन्सरला) जोडलेलं असतं, एखादं प्रोसेसरच्या आतला आकडा एका तारेवरून घेतं, आणि एखाद्याला काहीच जोडलेलं नसतं. न जोडलेलं इनपुट १२७ किंवा उणे काहीतरी दाखवतं, किंवा मनाला येईल तसं हलतं. ते लपवून टाकायचं, त्यामागे वेळ घालवायचा नाही.

तुमचा २८ हा खोलीपेक्षा एक अंश कमी आहे. हवेनं गार होणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा गार असूच शकत नाही. त्यामुळे हे इनपुट एक तर चुकीच्या प्रकारानं वाचलं जातंय (डायोडला थर्मिस्टर समजून किंवा उलट), किंवा मदरबोर्डवाल्यानं त्यात स्वतःचा ऑफसेट घातलाय. लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स या सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या इनपुटाचा प्रकार बदलता येतो. तिथे थर्मिस्टरचा क्रमांक ४ आणि इंटेलच्या पेसी तारेचा (प्रोसेसरच्या आतला आकडा आणणारी ती वरची तार) ६ असतो. प्रकार बदलल्यावर आकडा एकदम शहाण्यासारखा वागू लागला तर रोग सापडला. नाही सापडला तर त्या इनपुटावर कशाचाही निर्णय घेऊ नका.

बायॉसचा ४८ मात्र बहुधा खरा आहे. बायॉसच्या पडद्यावर असताना प्रोसेसर झोपत नाही. विंडोज किंवा लिनक्स रिकामे कोअर सेकंदात शेकडो वेळा झोपवतात, बायॉस एका कोअरला सतत फिरवत ठेवतं. त्यामुळे तिथला आकडा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणं साहजिक आहे. आयडलची तुलना बायॉसशी करायची नाही.

थर्मामीटर आधी पारखा

सगळं गणित खोलीच्या तापमानावर उभं राहणार आहे. इथे दोन अंश चुकले की पुढचं सगळं दोन अंशांनी चुकतं. तारेच्या टोकाला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, किंवा के-टाइप थर्मोकपल लागणारा मल्टिमीटर.

बर्फाची चाचणी अशी करायची. पेला काठोकाठ कुटलेल्या बर्फानं भरायचा, वर गार पाणी इतकंच घालायचं की फटी भरतील. बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, थोडं ओतून टाका. पाच मिनिटं थांबून ढवळायचं आणि प्रोब मधोमध धरायचा, काचेला आणि तळाला टेकू द्यायचा नाही. आकडा शून्यावर यायला हवा. एक आला तर तुमचा थर्मामीटर एक अंश जास्त दाखवतो, पुढे प्रत्येक वेळी तेवढं वजा करा. उकळत्या पाण्याची चाचणी करायची असेल तर गावाची उंची लक्षात घ्या. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पण पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे ते साधारण ९८ ला उकळतं, आणि महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास. हे न धरता पुण्यात बसून थर्मामीटरला दोष देणारे बरेच भेटतात.

इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत धातूवर ती रोखू नका. गुळगुळीत तांबं, ॲल्युमिनियम किंवा प्रोसेसरचं निकेल चढवलेलं झाकण स्वतः फार कमी किरण सोडतं आणि आरशासारखं समोरच्या भिंतीचं तापमान परत दाखवतं. कूलरच्या तळाशी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं तर आकडा कामाचा येतो. तरी या कामाला गन लागतच नाही.

प्रोब कुठे ठेवायचा हेही ठरलेलं आहे: कूलरच्या पंख्यात हवा जिथून शिरते तिथून पाच-सहा सेंटिमीटरवर, कशालाही न टेकवता. भिंतीवरचा थर्मामीटर चालणार नाही, कारण प्रोसेसर भिंतीजवळची हवा घेत नाही.

सेन्सर अडकलाय का

कॅलिब्रेशनआधी सेन्सर खालपर्यंत हलतो का ते पाहून घ्या. पूर्ण लोड, मग तीन कोअर, दोन, एक, शेवटी आयडल अशा पायऱ्यांनी उतरायचं. प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं थांबून चारही आकडे लिहायचे. चांगला सेन्सर प्रत्येक पायरीला उतरतो. ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ प्रोसेसरमध्ये (ई८४०० वगैरे) एखादा सेन्सर ठरावीक आकड्याखाली जायलाच तयार नसतो, इतर कोअर उतरत असताना तो तिथेच थिजतो. अशा सेन्सरला गुणक लावून उपयोग नाही. तो ज्या आकड्याला थिजतो त्याच्या वरचं तेवढं वाचायचं. ४७९० च्या पिढीत हा दोष सहसा दिसत नाही, पण चाचणीला अर्धा तासच लागतो आणि नंतरचा मनस्ताप वाचतो.

दोन मोजमापं: एक लोडवर, एक आयडलवर

कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा. बायॉसमध्ये टर्बो (आपोआप वाढणारा जादा वेग) बंद करा, स्पीडस्टेप (काम नसताना वेग उतरवणारी सोय) आणि सी-स्टेट (रिकामे कोअर झोपवणारी सोय) चालू ठेवा. प्रोसेसरचा पंखा पूर्ण वेगावर कायम करा. पंख्याचा वेग दोन्ही मोजमापांत एकच असला पाहिजे, नाहीतर सगळं गणित कोसळतं. छताचा पंखा चालू असला तरी चालेल, पण एसीचा झोत कॅबिनेटवर नको. तापमान वाचणारं एकच सॉफ्टवेअर उघडं ठेवा. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी सुपर आय/ओ चिपशी बोलायला गेली की मध्येच शून्य किंवा १२७ असे आकडे उडतात आणि काही बोर्डांवर पंख्याचा वेगही बिघडतो. या कामाला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे, कारण त्यात प्रोसेसरचे वॉटही दिसतात आणि पुढे लागणारी दुरुस्तीही करता येते.

आधी लोड. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ या सॉफ्टवेअरचा स्मॉल एफएफटी प्रकार घ्या, पण नव्या आवृत्तीत एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जड गणिताच्या खास सूचना) बंद करायच्या खुणा करून. हॅसवेल पिढीवर (४७९० त्यातलाच) एव्हीएक्स चालू ठेवून प्राइम९५ चालवलं की रोजच्या कुठल्याही कामात होणार नाही एवढी उष्णता तयार होते आणि मूळ कूलरवर प्रोसेसर थेट थ्रॉटल होतो, म्हणजे मर्यादा गाठून स्वतःचा वेग आवरतो. थ्रॉटल झालेल्या रीडिंगचा इथे उपयोग नाही. स्मॉल एफएफटी निवडायचं कारण म्हणजे त्याचा भार स्थिर असतो. खेळ किंवा व्हिडिओ रेंडरिंग सतत वर-खाली होतं. वीस मिनिटं चालू द्या आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी लिहा: चारही कोअरचं तापमान, प्रोसेसर पॅकेजचे वॉट आणि त्याच वेळचं प्रोबचं तापमान.

मग आयडल. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ५ टक्क्यांवर आणा, म्हणजे ४७९० ८०० मेगाहर्ट्झवर बसतो. अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, ब्राउझर, क्लाउड सिंक सगळं बंद. सॉफ्टवेअरचा वाचनाचा काळ एका सेकंदावरून पाच सेकंदांवर न्या, कारण वाचायला येणारं सॉफ्टवेअर स्वतःच झोपलेल्या कोअरला उठवतं. हे कोणी सांगत नाही, आणि मग आयडलला एक-दोन अंश फुकट चढलेले दिसतात. अर्धा तास थांबा. कूलरचा धातू लोडची उष्णता सावकाश सोडतो, दहा मिनिटांत घाई केली तर आकडा हमखास जास्त येतो.

समजा हाती हे आलं. लोडला ७४, ७६, ७८, ७२ अंश, पॅकेज ८० वॉट, हवा २९. आयडलला ३९, ३६, ४१, ३३ अंश, पॅकेज ७ वॉट, हवा २९.

गणित

लोडची सरासरी ७५. हवेपेक्षा ४६ अंश जास्त, ८० वॉटसाठी. ४६ भागिले ८० म्हणजे ०.५७५ अंश दर वॉटला. हा तुमच्या कूलरचा, कूलर आणि झाकण यांच्यामधल्या पेस्टचा आणि झाकणाचा मिळून उष्णतेला होणारा विरोध. लोडचा आकडा मर्यादेच्या जवळचा असल्यामुळे सेन्सर तिथे कमी चुकतो, म्हणून त्यावर आपण भरवसा ठेवतोय.

आता आयडलला ७ वॉट. ७ गुणिले ०.५७५ म्हणजे ४ अंश. हवा २९, म्हणून कोअर खरोखर ३३ च्या आसपास असायला हवेत. हाच आपला खालचा ठावठिकाणा. ‘आयडल म्हणजे खोली अधिक पाच’ असले ठोकताळे सगळीकडे फिरत असतात, पण तुमचा कूलर आणि तुमचे वॉट न पाहता काढलेला आकडा तुमच्या मशीनचा नसतो.

प्रत्येक कोअरचा गुणक असा: मर्यादेपासूनचं खरं अंतर भागिले सेन्सरनं सांगितलेलं अंतर. खरं अंतर १०० उणे ३३, म्हणजे ६७. पहिल्या कोअरनं ३९ दाखवले, अंतर ६१, गुणक १.०९८. दुसऱ्यानं ३६, अंतर ६४, गुणक १.०४७. तिसऱ्यानं ४१, अंतर ५९, गुणक १.१३६. चौथ्यानं ३३ च दाखवले, गुणक १.

हे लोडच्या आकड्यांना लावून बघा. तिसऱ्या कोअरनं ७८ दाखवले होते, म्हणजे अंतर २२. २२ गुणिले १.१३६ बरोबर २५. खरं तापमान ७५. सरसकट ८ अंशांचा ऑफसेट टाकला असता तर तिथे ७० दिसले असते. पाच अंशांचा खोटा दिलासा, आणि तोही सगळ्यात गरम कोअरवर, मे महिन्यात जेव्हा त्या पाच अंशांची खरी किंमत असते. मर्यादेवर तर आठही अंश खोटे: प्रोसेसर थ्रॉटल होत असताना पडद्यावर ९२ दिसेल आणि वेग का पडला याचा शोध तुम्ही भलतीकडे घ्याल.

एक शंका रास्त आहे. लोडची सरासरी ७५ धरून विरोध काढला, आणि आता दुरुस्तीनंतर चार कोअर ७१.५, ७४.९, ७५ आणि ७२ आले, म्हणजे सरासरी ७३.३ च्या जवळ. मग विरोध पुन्हा काढायला नको? काढा. ४४.३ भागिले ८०, ०.५५४. त्याला ७ नं गुणलं की ३.९. आयडल ३३ ऐवजी ३२.९. फरक एक दशांशाचा, म्हणून एका फेरीतच काम संपतं. आयडलला वॉट जितके कमी, तितकी ही पद्धत स्वतःच्या चुकीपासून सुरक्षित. म्हणूनच टर्बो बंद आणि ८०० मेगाहर्ट्झचा एवढा आग्रह.

वॉटचा आकडा हॅसवेलपासून प्रोसेसर स्वतः मोजून देतो. त्याआधीच्या सँडी ब्रिज पिढीत तो अंदाजानं काढलेला असतो, तरी या कामाला चालतो, कारण आयडलला एक वॉट चुकला तर तापमान अर्ध्या अंशानं चुकतं. कोअर २ मध्ये वॉटच मिळत नाहीत. तिथे आयडलचे वॉट डोळ्यांनी अंदाजावे लागतात आणि दोन-तीन अंशांची अनिश्चितता पत्करावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये कसं भरायचं

एचडब्ल्यूइन्फोच्या सेन्सर खिडकीतल्या सेटिंगमध्ये प्रत्येक रीडिंगला एक संख्या गुणायला आणि एक मिळवायला देता येते. गुणायची संख्या म्हणजे आपला गुणक. मिळवायची संख्या म्हणजे १०० गुणिले (१ उणे गुणक). तिसऱ्या कोअरला १.१३६ नं गुणा आणि उणे १३.६ मिळवा. ताळा करून बघा: ४१ चे ३३ होतात, ७८ चे ७५ होतात, आणि १०० चे १०० च राहतात. हा शेवटचा ताळा चुकला तर भरलेलं पुसून पुन्हा भरा. पहिल्या कोअरला १.०९८ आणि उणे ९.८, दुसऱ्याला १.०४७ आणि उणे ४.७, चौथ्याला काहीच नाही.

रिअल टेम्प या सॉफ्टवेअरमध्ये आयडल कॅलिब्रेशन नावाचं सेटिंग याच विचारानं केलेलं आहे. तिथली दुरुस्ती खाली पूर्ण लागते आणि टीजे-मॅक्सकडे जाता जाता विरते. कोअर टेम्पमध्ये मात्र सपाट ऑफसेटच मिळतो, त्यामुळे तिथे काही टाकू नका. लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्सच्या फाइलमध्ये कंप्यूट नावाची ओळ लिहिता येते. तिच्यात कच्च्या आकड्यावरून दाखवायचा आकडा आणि उलट दाखवायच्या आकड्यावरून कच्चा, अशी दोन्ही सूत्रं द्यावी लागतात. दुसरं सूत्र विसरलं किंवा उलटं पडलं तर इशाऱ्याच्या मर्यादा वेड्यावाकड्या होतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या: या दुरुस्तीनं बदलतो तो फक्त दिसणारा आकडा. बायॉस पंख्याचा वेग स्वतःच्या आकड्यावर ठरवतं, प्रोसेसर स्वतःचं रक्षण रजिस्टरमधल्या मूळ अंतरावर करतो. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये काहीही लिहिलंत तरी त्या दोघांना पत्ता लागत नाही.

पंखा काही क्षण अडवून प्रोसेसर शंभरला नेऊन ‘बघा, शंभरलाच थ्रॉटल होतो, म्हणजे सेन्सर बरोबर आहे’ असं दाखवणारेही असतात. त्यातून एवढंच सिद्ध होतं की सॉफ्टवेअरनं टीजे-मॅक्स बरोबर धरलाय. अंतर शून्य झालं की थ्रॉटल व्हायचं हे सेन्सरनंच ठरवलेलं आहे, त्यामुळे त्या क्षणी सिलिकॉन नेमकं किती गरम होतं हे या चाचणीला कळत नाही. ते घरी कळायची सोय नाही, आणि गरजही नाही.

कोअरमधला फरक कधी खरा मानायचा

दुरुस्तीनंतर लोडला तुमचे कोअर ७१.५ ते ७५ च्या दरम्यान आले. साडेतीन अंशांचा हा फरक खरा आहे, मधल्या कोअरला दोन्ही बाजूंनी शेजारी तापवतात. दुरुस्तीनंतरही लोडला दहा-बारा अंशांचा फरक उरला तर सेन्सरला सोडा आणि कूलर उघडा. मूळ इंटेल कूलरच्या चार पांढऱ्या-काळ्या खिळ्यांपैकी एखादा अर्धवट बसलेला असतो आणि मदरबोर्डच्या मागून पाहिलं की त्याचं काळं टोक बाहेर आलेलं दिसत नाही. पेस्ट एका कोपऱ्याला जाड आणि दुसऱ्या कोपऱ्याला कोरडी सापडते.

एएमडी असेल तर

एएमडीमध्ये गोष्ट उलटी आहे: तिथे बऱ्याचदा कॅलिब्रेट करायचं नसतं, कंपनीनं मुद्दाम घातलेला आकडा काढायचा असतो. पंख्याचं नियंत्रण सगळ्या मॉडेलांवर सारखं चालावं म्हणून टी-कंट्रोल नावाचा आकडा दिला जातो. रायझन १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स मध्ये तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त असतो, २७००एक्स मध्ये १० अंश, थ्रेडरिपर १९५०एक्स मध्ये २७ अंश. नवी सॉफ्टवेअर हे आपोआप वजा करतात, जुन्या आवृत्तीत स्वतः वजा करावं लागतं. इथे सपाट वजाबाकीच बरोबर, कारण ऑफसेट घातलाच सपाट आहे.

त्याआधीच्या फेनॉम आणि एफएक्स काळात टी-कंट्रोल हा खऱ्या तापमानाचा आकडाच नव्हता, आणि लिनक्सचा ड्रायव्हर ते स्पष्ट लिहितो. एफएक्स आयडलला खोलीपेक्षा गार दिसतो तो त्यामुळे. तिथे मर्यादेपासून किती दूर आहोत एवढंच पाहावं. सॉकेट एएम२+ आणि सॉकेट एफ च्या काही प्रोसेसरमध्ये तर सेन्सरचा दोष एएमडीनं स्वतः ‘इरेटम ३१९’ (इरेटम म्हणजे कंपनीनं कबूल केलेली चूक) म्हणून नोंदवलेला आहे, आणि लिनक्सचा ड्रायव्हर तिथे जबरदस्ती केल्याशिवाय चालूच होत नाही. ती जबरदस्ती करू नका.

लॅपटॉपवर वरची पद्धत नीट चालत नाही. पंखा कायम वेगावर ठेवता येत नाही आणि ग्राफिक्सची उष्णता त्याच नळीतून जाते. तिथे मर्यादेपासूनचं कच्चं अंतर वाचा आणि तेवढ्यावर थांबा.

गुणक एकदाच, विरोध दर वर्षी

गुणक हा त्या सेन्सरचा स्वभाव आहे. कूलर बदलला, पेस्ट बदलली, कॅबिनेट बदललं तरी तो तोच राहतो. प्रोसेसर बदलला तरच पुन्हा काढावा लागतो. चार गुणक कॅबिनेटच्या पट्टीच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, विंडोज नव्यानं टाकल्यावर शोधायला लागत नाहीत.

दर वॉटचा विरोध मात्र बदलतो, आणि या सगळ्या खटाटोपातून हाती लागणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे. नुसतं तापमान जानेवारीत आणि मे मध्ये ताडून काही कळत नाही, कारण नागपुरात खोलीच पंधरा-वीस अंशांनी बदललेली असते. विरोधात खोलीचं तापमान वजा झालेलं असतं. पंखा पूर्ण वेगावर, तोच प्राइम९५, तीच वीस मिनिटं. आज ०.५५ आला आणि वर्षानं ०.६० आला तर कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरनं उडवा आणि पुन्हा मोजा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. धूळ काढूनही ०.६० च राहिला तर पेस्ट वाळली आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा, मधोमध वाटाण्याच्या अर्ध्याएवढा थेंब टाका आणि कूलरचे खिळे समोरासमोरच्या जोडीनं दाबा.